चंद्रभागेची भिंत

कर्वेनगरातल्या त्या शाळेचं नाट्यगृह बांधणाऱ्याने प्रेक्षकांमागची भिंत कढईसारखी वळवली, ती कशासाठी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. रंगमंचावर कुणी शिंकलं की शिंक त्या भिंतीपर्यंत जाई, वळसा घेई आणि परत येऊन शिंकणाऱ्याच्याच कानात आदळे. एका वर्षी तर पहिल्या अंकातलं वाक्य मध्यंतरानंतर परत आलं आणि खून झालेलं पात्र बोलू लागलं, असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं वाटत असेल तर दशरथला विचारा.

दशरथ तिथला दिवेवाला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी किल्ली त्याच्याकडेच. मुलगा संजय हिंजवडीला. फोन केला की "पप्पा, मीटिंगमध्ये आहे" एवढंच. बायको चंद्रभागा याच नाट्यगृहाची झाडलोट करायची. ती गेली, पण पुरती गेली नव्हती. तिला खोडच होती, नवऱ्याच्या वाक्याचं शेपूट उचलून वेडावून दाखवायची. दशरथ रोज सकाळी रंगमंचाच्या कडेला उभा राहून विचारी, "चहा घेतलास का?"

भिंतीकडून येई, "घेतलास का?" अगदी तिचाच ठसका.

यंदा स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी मुख्याध्यापिका सुहासिनीबाई तालमीला येऊन बसल्या. मुख्य भूमिका सातवीतल्या पूर्वाची. आवाज बेताचा, पण बोलणं असं की ऐकत राहावं. ऐकू आलं तर! रंगमंचाच्या कमानीच्या आत उभी राहिली की बाजूच्या लाकडी फळ्यांमुळे शब्द स्वच्छ येत, पण वरची तुळई सभागृहातले दिवे अडवी आणि तोंडावर काळोख. चार पावलं पुढे आली की चेहरा उजळे आणि शब्दांचा चिखल होई. माईक लावला तर चिखल दुप्पट.

"दशरथराव, ही मुलगी एक तर दिसते, नाही तर ऐकू येते," बाई म्हणाल्या. "दोन्ही एका वेळी जमत नसेल तर यंदाचं नाटक शेवटचं. पुढल्या वर्षीपासून गाण्यांवर नाच. पालकांना तेच आवडतं."

पूर्वाने ओठ चावला. "काका, मी ओरडून बोलू?"

"ओरडलीस तर दोघी ओरडाल."

"दोघी कोण?"

दशरथ दिवा पुसत राहिला. उपाय त्याला ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वी शिबिरातल्या मुलांनी भिजलेल्या गोधड्या त्या भिंतीवर वाळत टाकल्या होत्या, आणि चंद्रभागा दोन दिवस मुकी झाली होती. ते दोन दिवस त्याला घास गेला नव्हता. म्हणून त्याने आजवर कुणापाशी ब्र काढला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "गोधड्या लागतील. चाळीस."

"झोपायचा विचार आहे का?"

पण बाईंनी मुलांना सांगितलं. सोसायट्यांमधून आता सगळीकडे गुबगुबीत ब्लँकेटं. कुणाची आजी बिबवेवाडीला, कुणाची गावाकडे, अशा करत एकोणचाळीस जमल्या. त्या भिंतीवर लावल्या, तर मधोमध एकीची जागा उरली, आणि तेवढ्याच फटीतून पूर्वाचा शब्द बारीक होऊन परत येत राहिला.

संमेलनाच्या दिवशी दशरथने घरून स्वतःच्या अंगावरची गोधडी आणली. चंद्रभागेने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. शिडीवर चढून त्याने ती मधोमध लावली आणि हातोडी खिशात घालून खाली उतरला.

पूर्वा चार पावलं पुढे उजेडात आली. पुटपुटल्यासारखं म्हणाली, "आई, मी आलेय गं." शेवटच्या रांगेतल्या दशरथला तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. वाक्य भिंतीवरून परत फिरलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"नाटक राहील, दशरथराव. गोधड्याही राहू देत, पक्क्या ठोकून टाका."

त्याने ठोकल्या. चाळीसच्या चाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कडेला उभा राहिला. "चहा घेतलास का?"

काही नाही.

चंद्रभागा रुसली होती. रुसली की दोन दिवस बोलत नसे, हा तिचा नेमच. दशरथ रंगमंचाच्या पायरीवर बसला. दोन दिवस थांबायला त्याची काही हरकत नव्हती.