गिझरचा लाल दिवा

कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून लेपोसावाला, म्हणजे माझ्या बायकोला, डॉक्टरांनी रोज गरम पाण्याची अंघोळ सांगितली होती. गिझरला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो एक दिवस चटका बसेल असं पाणी द्यायचा, दोन दिवस थंडगार, आणि मधूनच कोमट, निवडणुकीतल्या आश्वासनाइतपत.

रविवारी तिची थोरली बहीण स्तामेना लेस्कोवात्सहून आली. हातात रिकामी सुटकेस.

"जावईबापू, उद्या संध्याकाळच्या बसपर्यंत पाणी धड आलं तर ठीक. नाहीतर हिला घेऊन जाते. एप्रिलपर्यंत."

तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत मी एकट्यानं सूपसुद्धा केलेलं नाही. पण तिला जाऊ द्यायचं नव्हतं, त्याचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण मी स्तामेनाला सांगणार नव्हतो, आणि तुम्हालाही सांगायची गरज नाही.

सोमवारी सकाळी ग्रादिमिर मिस्त्री आला. तिसऱ्यांदा. आधी कॉफी घेतली, मग राकिया दारूचा एक पेला, मग गिझरचं झाकण काढून म्हणाला, "ही कॉईल कुठल्या गाढवानं बसवलीय?"

"तूच. गेल्या महिन्यात."

"तेव्हा तुम्ही घाई केली होती, शेजारीबुवा."

पहिल्या खेपेला त्यानं आतून बादलीभर क्षार काढला होता. दुसऱ्या खेपेला कॉईल बदलली. आज थर्मोस्टॅट बदलला. बाथरूमबाहेर, पॅसेजच्या भिंतीवर गिझरचं बटण आहे. जाता जाता त्याकडे बघून म्हणाला, "यातला लाल दिवा गेलाय."

"त्याचा पाण्याशी काही संबंध?"

"छे! शोभेचा असतो."

"मग राहू दे," मी म्हटलं. माणूस थकला की शोभेवर खर्च करत नाही.

अर्ध्या तासात पाणी कढत झालं. ग्रादिमिर विजयी मुद्रेनं गेला. आम्ही जेवलो, आणि स्तामेनानं सगळी भांडी त्या कढत पाण्यानं घासली. चार वाजता लेपोसावा अंघोळीला गेली आणि दोन मिनिटांत टॉवेल गुंडाळून कुडकुडत बाहेर आली. कपडे करून तिनं आपले नाईटगाऊन घड्या घालून सुटकेसमध्ये ठेवायला घेतले.

स्तामेना कोट चढवून पॅसेजमधल्या खुर्चीत बसली होती. लेपोसावा काठी टेकत कंगवा आणायला बाथरूमकडे गेली, जाताना बटण दाबलं आणि आत शिरली. तिच्यामागून मी गेलो, बटण दाबलं आणि परत फिरलो.

"थांबा," स्तामेना म्हणाली. "लेपोसावा, बाहेर ये. बटण कशाला दाबलंस?"

"गिझर बंद केला. चालू गिझरखाली पाण्याला हात लावायचा नाही, आईनंच शिकवलंय ना?"

"आणि जावईबापू, तुम्ही?"

"बंद केला. ही विसरते म्हणून."

"बाहेर आल्यावर?"

"चालू करते," लेपोसावा म्हणाली.

"मीही करतो," मी म्हणालो. "ही विसरते म्हणून."

आमचं बटण दाबलं की पुन्हा वर येतं. चालू की बंद, हे फक्त दिव्यावरून कळायचं, आणि दिवा गेल्या हिवाळ्यातच गेला होता.

स्तामेनानं बोटांवर हिशेब केला. "दुपारी जेवून हिनं हात धुतले, तेव्हाही तुम्ही दाबलंत?"

"ती आत गेल्यावर दाबलं. बाहेर आली तेव्हा मला डुलकी लागली होती."

"म्हणजे एकानं बंद केलेलं दुसरा चालू करतो, आणि जावईबापूंना झोप लागली की पाणी थंड! अरे, वर्षभर एकमेकांचा जीव वाचवताय, आणि तो ग्रादिमिर गिझरची चिरफाड करतोय!"

लेपोसावानं यातलं एकच ऐकलं होतं. "मी विसरते?"

मी पॅसेजमधला गालिचा पायानं सरळ केला.

"विसरते म्हणे." ती काठी टेकत खोलीत गेली आणि सुटकेसमधून एकेक नाईटगाऊन काढून कपाटात लावायला लागली. "आता इथं राहूनच दाखवते कोण विसरतं ते."

मी खुर्ची शोधली आणि बसलो.

स्तामेनानं कोट काढून खुंटीला लावला. "आजपासून त्या बटणाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि लेपोसावाच्या कपाटातला एक नाईटगाऊन स्वतःसाठी काढून घेतला.

आता पाणी रोज उत्तम तापतं. माझी अंघोळ बुधवारी आणि शनिवारी, ती सांगेल तेव्हा. रिकामी सुटकेस कपाटावर आहे. एप्रिलला अजून चार महिने आहेत.