शाळामावशी बहिणीकडं निघाली

"आजपासून म्हशींना हात लावणार नाही मी!" असं म्हणून शाळामावशीनं धारेची बादली मुलाच्या पायाशी आदळली. आमचं घर बांधापलीकडं, त्यामुळं भांडण ऐकायला कान टवकारावे लागले नाहीत.

"नको लावूस. जाशील कुठं?" मुलगा हसत म्हणाला.

जन्मभर हिनं शाळेत झाडलोट केली, पाणी भरलं, घंटा वाजवली. नोकरी संपली तसं मुलानं तिला मळ्यावर आणलं. आराम कर म्हणाला. कसला डोंबलाचा आराम! शेणघाण, वैरण आणि भर उन्हात निंदणी. गडी ठेवला तर तो सुट्टी मागतो, आई थोडीच मागते? तिची धाकटी बहीण पलीकडच्या गावात एकटी होती. ये, दोघी मिळून राहू, असा तिचा सारखा निरोप यायचा. पण लोक नावं ठेवतील म्हणून मुलगा काही सोडत नव्हता.

त्या दिवशी तो विहिरीकडं गेला आणि मावशीनं गाठोडं उचललं. मला म्हणाली, "चल गं, फाट्यापर्यंत सोबत दे." म्हटलं, फाट्यापर्यंत कशाला, बहिणीच्या दारातच सोडते. वारा झळांचा, रानात पाय ठेवीन तिथं भेगा, पण म्हातारी अशी झपझप चालली की मलाच दम लागला.

फाट्यावर वडाप जीप थांबली. ड्रायव्हर उडी मारून खाली आला.

"मावशी! ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? पळपुट्या तू. शाळेची भिंत तुझ्याच बुटांनी झिजली."

जीपमध्ये हशा पिकला. बसलेल्यांतले निम्मे तिच्याच शाळेतले निघाले. दवाखान्यातली नर्स तर तिच्या गळ्यातच पडली. मावशीला पुढची जागा मिळाली, गाठोडं टपावर गेलं. मला वाटलं, देव पावला.

"रोज पळायचो मी," पळपुट्या गाडी हाकताना सांगत होता, "आणि या रोज पकडून वर्गात बसवायच्या. हेडमास्तरांकडं कधी चुगली नाही केली. तेव्हा राग यायचा, पण यांच्यामुळंच माणसात आलो. निघालात कुठं, मावशी?"

"बहिणीकडं. कायमची."

"मुलाला ठाऊक आहे ना?"

खोटं बोलायची सवय असती तर सुटली असती. "नाही. भांडून निघालेय," ती म्हणाली.

त्यानं जीप कडेला घेतली. मुलाचा माल हाच बाजारात न्यायचा, नंबर होताच. फोनवरचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"सापडली का? बरं झालं रे बाबा! हल्ली तिला भ्रम होतो. काहीबाही बोलते, उठून चालू लागते. तेवढी आणून सोड."

"खोटं बोलतोय मेला!" मावशी ओरडली. "काय धाड भरलीय मला? विचारा काय विचारायचं ते! या नर्सच्या वेण्या मी घालायचे. मागं बसलाय ना, त्यानं शाळेची घंटा विहिरीत टाकली होती!"

नर्सचे डोळे भरून आले. "या आजारात असंच असतं," ती हळूच म्हणाली. "जुनं सगळं लख्ख आठवतं."

मला राहवेना. "अरे, चांगली शहाणी आहे ती! राबवून घेतो तिला तो. मी शेजारीण सांगतेय ना!"

"वहिनी, मायलेकांत काड्या करू नका," पळपुट्या म्हणाला आणि त्यानं जीप वळवली.

मावशी दाराची कडी ओढायला लागली तशी नर्सनं तिला पोटाशी धरलं. उशीर होतोय म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. दुष्ट माणसं असती तर मी एकेकाच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण ही सगळी तिच्यावर जीव टाकणारी! माझा नुसता जळफळाट होत होता.

मळ्यावर मुलानं हात जोडले, सगळ्यांना पाणी दिलं. पळपुट्यानं गाठोडं स्वतः आत नेऊन ठेवलं आणि मावशीसमोर उकिडवा बसला.

"घाबरू नका, मावशी. बसचा कंडक्टर, दूधवाला, पोस्टमन, सगळे आपल्याच शाळेचे. आजच सगळ्यांना सांगून ठेवतो. कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी कुणीतरी सुखरूप घरी आणून सोडेल."

मावशी त्याच्याकडं बघत राहिली. "सगळेच का रे?"

"सगळेच," तो छाती फुगवून म्हणाला. "एकजणही तुम्हाला विसरलेला नाही."