दहा वाजून पाच मिनिटांनी

एकतीस वर्षं मी रेडिओवर रोज सकाळी सात ते दहा बोलले. लोक मला 'सकाळवाली' म्हणत. भाजीवाल्यानं तोंडावरून कधी ओळखलं नाही, पण "कोथिंबीर ताजी आहे का हो?" म्हटलं की जुडी हातातच राहायची त्याच्या. घरी नियम एकच होता: सात ते दहा मला फोन करायचा नाही, आग लागली तरी.

तो नियम फक्त आईनं पाळला. नऊ वर्षांपूर्वी सकाळी सव्वासातला ती बाथरूमच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल गाऊनच्या खिशात होता. तिनं तो दहा वाजून पाच मिनिटांनी काढला. "झाला का गं कार्यक्रम? जरा येऊन जातेस?"

तेव्हापासून ती वॉकर धरून चालते आणि येईल त्याला सांगते, "एवढी माणसं ऐकत होती, मी मध्येच कशी कडमडू?" ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. शेजारच्या ताई म्हणतात, "अशी आई मिळायला नशीब लागतं हो." मी चहा गाळायला उठते.

कारण त्या दिवशी मी स्टुडिओत नव्हतेच. आदल्या दुपारी तिन्ही तास रेकॉर्ड करून ठेवले होते. आम्ही सगळेच करतो. 'आत्ता वाजलेत आठ वाजून दहा मिनिटं' हे आदल्या दिवशी, जेवण झाल्यावर, जांभई गिळून म्हणायचं. आई फरशीवर होती तेव्हा मी तिच्यापासून दोन गल्ल्यांवर, मैत्रिणीच्या सोफ्यावर पाय पसरून तिच्या सासूच्या चहाड्या ऐकत होते. फोन शेजारी, चालू.

काल शेवटचा कार्यक्रम झाला. स्टेशनवाल्यांनी गुच्छ दिला आणि भिंतीवरचं घड्याळ. विनोदबुद्धी आहे त्यांना. तशीच आईकडे गेले. ती मटार सोलत होती.

"आई, तू पडलीस ना, त्या दिवशी मी..."

"रेकॉर्ड होतं," ती म्हणाली.

मी गुच्छ मटारांशेजारी ठेवला.

"काय सुंदर ऊन पडलंय, म्हणालीस रेडिओवर. मी खिडकीकडे तोंड करून पडलेली. धुक्यात समोरची बिल्डिंग दिसेना. म्हटलं, ही बया कुठल्या गावचं ऊन सांगतेय!"

"मग फोन का नाही केलास?"

"एवढ्या वर्षांत एक सकाळ मिळाली होती तुला. हाड मोडलंच होतं, आता सकाळ कशाला मोडा?"

"आणि लोकांना ते सगळं सांगतेस?"

"मग काय, लेक थापा मारते म्हणून सांगू?" तिनं एक शेंग सोलली, दाणे किडके निघाले, बाजूला टाकले. "ते तीन तास निघाले गं. पण तू आज सांगशील, उद्या सांगशील... नऊ वर्षं लावलीस."

मी चहा ठेवायला वळले.

"बस खाली," आई म्हणाली. "दर वेळी तिकडेच पळतेस. आज मी करते."

तिनं वॉकर पुढे ओढला. स्वयंपाकघर नऊ पावलांवर आहे. तिची टकटक तिथं पोचेपर्यंत मी ऐकत बसले. बराच वेळ लागला.