शिट्टीवरची रापण

तांडेलाचा आवाज गेला की घरात काय होतं ते मला विचारा. आमचे हे शिरोड्याच्या किनाऱ्यावर रापणीचे तांडेल, ओढणाऱ्यांचे म्होरके. होडी समुद्रात जाळ्याचा फेर टाकून यायची, जाळ्याचे दोन्ही दोर माणसं किनाऱ्यावरून ओढायची आणि मध्ये उभे राहून हे ओरडायचे. घशाच्या ऑपरेशननंतर नुसती कुजबूज उरली. लाटांपुढे ती कोणाला ऐकू जाणार? पावसाळा संपला, होड्या पाण्यात उतरल्या, तरी हे भिंतीकडे बघत बसून. मासळी विका, रांधा, वर यांचं उतरलेलं तोंड बघा. मी पार विटून गेले होते. मला एकच हवं होतं, हा माणूस परत किनाऱ्यावर जावा.

दिवाळीला लेक गौरजा आली. जावई बोटीवर नोकरीला. त्यांनी सिंगापूरहून आणलेला व्हिडिओ गेम तिने आमच्या टीव्हीला जोडला. त्यात बोटाएवढा एक माणूस आणि डोक्यावर पान फुटलेले रंगीत चिमुकले जीव. त्याने शिट्टी मारली की सगळे धावत येतात, तो सांगेल ते ओझं उचलतात, अनोळखी रानातून वाट काढतात.

हे त्यात बुडाले, पण खेळायचे आपल्याच पद्धतीने. एवढंसं फळ उचलायलाही सगळी फौज लावायचे.

"बाबा, एका फळाक सगळे कित्याक?" गौरजा वैतागायची. "बाकीच्यांका दुसऱ्या कामाक लावा."

"एकट्याक जड जाता," हे कुजबुजायचे.

तिने कपाळावर हात मारला आणि मी बऱ्याच दिवसांनी हसले.

ती सासरी गेली. मग एका सकाळी हे बाजारातून शिट्टी घेऊन आले आणि तसेच किनाऱ्याकडे वळले. यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. टोपली उचलून मी मागोमाग निघाले.

जाळं पडलं होतं. दोन दोरांच्या मध्ये उभे राहून यांनी शिट्टी फुंकली. दोन्हीकडची माणसं ओढू लागली. उजवी बाजू फार पुढे आली, म्हणून तिला थांबवायला यांनी पुन्हा फुंकली, तर दोन्हीकडची थांबली. परत शिट्टी, परत ओढाओढ. जाळं तिरकं झालं आणि आतली तारली मासळी निसटू लागली.

"बाबल्या, शिटी कोणाक मारलंस?" उजव्या दोरावरून बाळा यांच्यावर ओरडला. "माका की तेंका?"

पूर्वी हे नावं घेऊन ओरडायचे. बाळ्या, सैल सोड. जानक्ये, पाय रोव. वर एखादी शिवी. आता शिट्टीत कोणाचंच नाव नव्हतं. कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज होता तेव्हा यांच्यापुढे हसायची कोणाची छाती नव्हती.

यांच्या हाताखाली तयार झालेला प्रितेश अवघडून पुढे आला. "काका, मी सांगू?"

यांनी शिट्टी खिशात टाकली. झालं, मला वाटलं, आता परत ती भिंत. पण हे डाव्या दोराकडे गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि दोर धरला.

प्रितेश एकेकाचं नाव घेऊन ओरडू लागला. यांचं नाव काही त्याच्या तोंडून निघेना. यांनीच मान वर करून त्याच्याकडे बघितलं, तेव्हा कुठे तो ओरडला, "बाबलीकाका, जोर लावा!" यांनी जोर लावला.

उरलीसुरली मासळी वर आली. प्रितेशने वाळूत वाटे घातले आणि तांडेलाचा मोठा वाटा यांच्यासमोर आणून ठेवला. यांनी तो उचलून त्याच्याच पायाशी ठेवला आणि दोर ओढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. मला तिकडे बघवेना.

आपला वाटा घेऊन हे आले, माझ्या टोपलीत ओतला. तळहात सोलवटले होते.

"दुखतंत?" मी विचारलं.

"दमलंय गो," हे कुजबुजले. "उद्या सकाळी माका बेगीन उठय."