जरीचा काठ आणि बारीक फोटो

घाटकोपरच्या भटवाडीत शिवलेल्या नऊवारीसाठी रत्नप्रभाबाईंचं नाव निघायचं, आणि एखाद्या घरात दुसऱ्या कुणाचं निघालं तर बाई त्या घरचा चहा घेत नसत. शाळा चौथीतच सुटलेली. पण काठाची जर खरी की खोटी हे त्या लांबून, नुसत्या नजरेने सांगायच्या. अशा बाईंच्या साडीच्या फोटोखाली, सुनेने काढलेल्या वेबसाइटवर, कुणीतरी लिहिलं, 'काठ प्लास्टिकचा आहे का?'

बाईंनी सुनेला समोर बसवलं. "रुचिरा, माझं नाव मातीत घातलंस. फोटो बारीक केलेस ना तू?"

"केले. तुमचा एकेक फोटो एवढा जड, की पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक मुलुंडच्या क्षमाकडे पोचतं. लग्नसराई तोंडावर आलीय, आई. असंच चाललं तर यंदा ऑर्डरी तिच्याच."

"तिचं नाव या घरात नको."

"मी नाही घेतलं तरी गिऱ्हाइकं घेतातच."

बाईंचा मुलगा निलेश चपला शोधायचं निमित्त करून सटकला. बायकोची आणि आईची जुंपली की त्याला हमखास बाहेर काम निघायचं.

बाईंचं गणित सरळ होतं. फोटो बारीक केला म्हणजे त्यातून काहीतरी काढलं, आणि काढलं ते जरच असणार. सून मुलखाची हावरट, चांगलं तेच उचलणार.

"जर नाही जात," रुचिरा म्हणाली. "मागच्या भिंतीचे सतरा पांढरे असतात, त्यांचा एकच पांढरा होतो. डोळ्याला कळत नाही तेवढंच जातं. पण ते एकदाच करायचं असतं, मूळ फोटोवरून. तुम्ही फोन माझ्या हातात देत नाही, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकता. तिथे तो आधीच चेपला जातो. तोच मी पुन्हा चेपायचा. मग काठाचं प्लास्टिक होणार नाही तर काय?"

"म्हणजे चूक माझी?"

"फोन द्या, म्हणजे कळेल."

"फोन माझा आहे."

"साड्यापण तुमच्याच आहेत. राहू देत कपाटात."

हे मात्र झोंबलं. बाईंनी फोन शिलाई मशीनवर आपटला. "माझ्यासमोर कर. आणि इकडेतिकडे बोट फिरवू नकोस."

रुचिराने वायर लावून हिरव्या साडीचा फोटो लॅपटॉपवर घेतला, त्याचाच एक बारीक फोटो केला आणि दोन्ही शेजारीशेजारी मांडले. "सांगा, यातला बारीक कुठला?"

बाईंनी पदराने चष्मा पुसला. काठ पाहिला, बुट्टे पाहिले, निऱ्या पाहिल्या. नाक मुरडून म्हणाल्या, "हा डावा. जर मेलेली दिसतेय लगेच."

"डावा तुमचा. जसाच्या तसा."

बाईंचा चेहरा ताकात मीठ जास्त पडल्यासारखा झाला. "तो उजवा मोठा करून दाखव," त्या म्हणाल्या. कुठेतरी खोट सापडणारच, ही खात्री होती. रुचिराने मोठा केला. जरीची तार न् तार उभी राहिली. आणि तिच्या शेजारी, काष्ट्याच्या शिवणीत, टाके तिरपे गेलेले दिसले.

"बघ, वाकडं केलंस ना."

रुचिराने मूळ फोटो मोठा केला. टाके तिथेही तिरपेच होते. बाई तरातरा उठल्या, कपाटातून साडी काढली, खिडकीपाशी धरली. शिवण त्यांच्याच हातची. दुसरं कुणी या घरात काष्टा शिवतच नव्हतं.

रुचिरा हसली नाही. हसली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, तोंड सोडायला निमित्त तरी मिळालं असतं.

"हा टाकू वेबसाइटवर?" तिने विचारलं.

"टाकून बघ, हात मोडून ठेवीन." बाईंनी कात्री घेतली आणि त्या टाके उसवायला बसल्या. "हिरवी सोडून बाकीच्या सगळ्या टाक. असेच बारीक करून."

"हिरवीचा नवा फोटो काढलात की फोन पुन्हा लागेल."

"तोंड न चालवता मागितलास तर बघू," बाई म्हणाल्या आणि मान वर न करता फोन कोपराने तिच्याकडे सरकवला.