फणसाच्या पोटातले खिळे

मार्गशीर्षाचं ऊन टेकडीच्या खांद्यावरून उतरतं तेव्हा त्याला कसलीच घाई नसते. आधी माडांच्या झावळ्या सोनपिंजर होतात, मग जांभ्याच्या भिंती रक्तचंदनी होतात, आणि सगळ्यात शेवटी परसात आडव्या पडलेल्या त्या महाकाय फणसावर ते अलगद टेकतं, आजाऱ्याच्या अंथरुणाच्या कडेला बसावं तसं.

परतीच्या पावसातल्या वादळाने त्याला मुळासकट उपटलं होतं. छिन्नमूल, धूलिधूसर, उताणा. त्याची मुळं रिकाम्या आभाळात माती चाचपत होती.

त्यानंतर आठच दिवसांनी कुंदा नर्सबाई आणि तिची नववीतली मुलगी वैजयंती टेम्पोतून सामान घेऊन इथे आल्या. मामाच्या दोन खोल्यांत सात वर्षं काढल्यावर दोघींचं हे पहिलं स्वतःचं घर.

घराला कौलं होती, कोनाडे होते, न्हाणीघर होतं. वैजूच्या खोलीला दार नव्हतं.

चौकट होती. चौकटीत वारा होता. वाऱ्यावर जुनी निळी चादर होती, आणि चादरीला कोण विचारतं? आई केर काढायला आत. शेजारच्या शेवंतीकाकू विरजण मागायला आत. काकूंची मांजर तर चादरीखालून, राजमातेच्या थाटात.

मामाकडे वैजूला रडायचं असलं तर नळ सोडून रडावं लागे. म्हणून तिला दार हवं होतं. घनगंभीर, कडीचं, आतून लावता येईल असं. बाकी घर आईचं; दार तिचं.

आणि दार तर परसातच पडलेलं होतं. पीतगर्भ, हळदकांती, सालीच्या आत डोळे मिटून.

तोडणारे आले तेव्हा वैजू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बुंधा दाराला, वरचं सगळं जळणाला, असं तिने फर्मावलं. आई म्हणाली, कुणा जाणत्याला विचारूया का. वैजू म्हणाली, त्यात विचारायचं काय, जाड ते चांगलं. मग वरच्या सरळसोट खोडाचे तीन-तीन फुटांचे सात ओंडके झाले आणि न्हाणीघरातल्या बंबाशेजारी जाऊन बसले.

खाडीकाठी बाबल मेस्त्रींची लाकूड कापायची गिरणी. मेस्त्री म्हातारे, शुभ्रभुवई, भुशाने नखशिखांत पिवळे. त्यांनी बुंधा कुठला ते विचारलं आणि मान हलवली.

"परसातला लाकूड माका नको. तेच्यात लोखंड असता."

वैजूला काहीच कळेना. कळलं ते शेवंतीकाकूंकडून. हा फणस म्हणे पहिली कित्येक वर्षं फळ धरतच नव्हता. न धरणाऱ्या झाडाला खिळा ठोकला की ते भिऊन धरतं, अशी इकडची समजूत. म्हणून आधीच्या मालकांनी दर माघात एक खिळा ठोकला. काकू हसून म्हणाल्या, पुढे चांगला लगडला हो, तरी ठोकतच राहिले. न जाणो, विसरायचा.

मग आठ संध्याकाळी वैजू बुंध्यावर वाकलेली. हातात पकड, ओठांत शिव्या. गंजलेले खिळे, वाकलेले खिळे, चिकाने काळवंडलेले खिळे. तळहातांना फोड आले, फोड फुटले, गणिताची वही कोरी राहिली. एकतीस खिळे पत्र्याच्या डब्यात खळाखळा वाजवत ती गिरणीत गेली आणि मेस्त्रींना म्हणाली, सगळे काढले, एकही नाही. मेस्त्रींनी तिच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि बुंधा घेतला.

करवत फिरू लागली. पहिली साल गळाली आणि आतून पिवळा उजेड फुटला. हळदीसारखा, आटवलेल्या मधासारखा. भुसा उडाला, सुवर्णरज उडाले, वैजूच्या पापण्यांवर बसले. दार येत होतं. बोटबोट, वीतवीत, दार येत होतं.

मग ती किंकाळी. लोखंडावर लोखंडाची, दातांत कळ नेणारी, खाडीवरच्या बगळ्यांना उठवणारी.

पातं तुटलं. पिवळ्या अंगात निळाकाळा डाग उमलला होता, आणि डागाच्या मध्यभागी एक खिळा, वीतभर आत, गर्भस्थ.

वैजूला वाटलं, आता मेस्त्री ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले आणि त्या डागावर बोट ठेवलं.

"झाड वाढता, बाय. खिळो खंय वाढता? तो ठोकलो थयच रवता, झाड तेका गिळता."

ती घरी आली. डबा परसात फेकला, खिळे चारी दिशांना गेले. चपला फेकल्या. आईशी बोलली नाही, जेवली नाही. माणसं मूर्ख, झाड मूर्ख, आपण सगळ्यांहून मूर्ख. चादर वाऱ्याने फडफडत होती, जणू तिला हसत होती.

ठोकलो थयच रवता. तिथेच राहतो. म्हणजे कुठे? जिथे माणसाचा हात पोचतो तिथे. वैजूने उभं राहून हात वर केला. टाचा उंचावल्या. हाताच्या वर खिळा कोण ठोकणार? हाताच्या वरचं झाड निष्कलंक होतं, निर्लोह होतं, आणि तेच तिने जळणाला दिलं होतं.

ती न्हाणीघराकडे धावली. सातातले पाच ओंडके उरले होते. दोन तिने स्वतःच, सकाळी सकाळी, कढत कढत, अंगावर ओतून घेतले होते.

या वेळी तिने विचारलं. मेस्त्रींसमोर उभं राहून विचारलं, याचं दार होईल का. आखूड आहेत, माझीच चूक. मेस्त्रींनी ओंडके ठोकून पाहिले. म्हणाले, उभ्या फळ्यांचं नाही होणार. आडव्या फळ्यांचं होईल. नव्या पात्याखाली पाच ओंडक्यांच्या वीस फळ्या निघाल्या, एकही डाग नाही. चौकटीच्या मापाने त्यांची टोकं छाटली. वैजू विचारू लागली, कडी कुठे बसेल, उद्या की परवा.

मेस्त्री म्हणाले, लाकूड ओलं आहे. आत्ता जोडलं तर पावसाआधी वाकडं होईल. वैशाखापर्यंत सावलीत, वाहत्या वाऱ्यात ठेव.

वैशाख. वैजूने बोटांवर महिने मोजले.

सगळ्या घरात सावली आणि वाहता वारा एकाच जागी होता. तिच्या खोलीच्या चौकटीत. मग फळीवर फळी, मध्ये दोन बोटं फट, फटीत बांबूच्या चिपा, अशी छातीइतकी चळत तिथेच उभी राहिली. आत जायचं तर स्टुलावर चढून ओलांडायचं. वैजू चरफडत चढली, गुडघा सोलवटला, धपकन आत पडली, आणि भिंतीला टेकून बसली. दार नाही. पाच महिने दार नाही.

पश्चिमेचं ऊन फटींतून आत आलं. एकाखाली एक, मधाळ, पिवळं.

बाहेर पावलं वाजली. आईच्या गुडघ्यांना स्टूल झेपणारं नव्हतं. ती पलीकडे थांबली. चहाचा कप तिने वरच्या फळीवर ठेवला, आणि बोटाच्या पेराने लाकडावर दोनदा, हळूच, टकटक केलं.

"वैजू, बोलू का गं तुझ्याशी?"

ओल्या फणसाचा वास खोलीभर होता. उन्हाच्या रेघा तिच्या पावलांवर होत्या, सोलवटलेल्या गुडघ्यावर होत्या, फोडांच्या हातांवर होत्या. आणि पलीकडे, वाफाळत्या कपामागे, कुणीतरी तिच्या होकाराची वाट पाहत उभं होतं.