ताकात बुडवलेलं हरीण

आउने कांगास आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर मेली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ती अजून जिवंत आहे, आतल्या खोलीत उशीला टेकून बसली आहे, आणि तिचा नवरा ऊर्हो तिच्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा आहे. कारण नर्स ग्वेन नुकतीच बजावून गेली : शुक्रवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर शहरातल्या इस्पितळात हलवावं लागेल.

"तिथे मी मरणार नाही," आउने म्हणाली. "तिथले पडदे बघितलेस?"

"मग खा ना काहीतरी."

"हरणाचं खाईन. कोवळी मादी आण. आणि ऐक म्हाताऱ्या, शिंगं शिजत नाहीत."

उत्तर मिशिगनात शिकारीचा हंगाम चालू होता. ऊर्होकडे मादीचा परवाना होता, नराचाही होता. सोमवारी सकाळी त्याच्या मचाणासमोरून एक कोवळी मादी तीनदा गेली. तिसऱ्यांदा तर थांबली आणि याचं काही चुकतंय का, असं बघू लागली. त्याने बंदूक उचलली, तोच तिच्या मागून नर आला. माजावर आलेला, मान फुगलेली, शिंगांना दहा टोकं. ऊर्होने काहीच ठरवलं नाही. बोटाने ठरवलं.

असा नर पडला की तो थेट घरी नेत नाहीत. गावातल्या बारसमोर उंचावर एक आडवा ओंडका बांधलेला असतो. त्याला तो कातड्यासकट टांगायचा, गावाने तोंडभर कौतुक करायचं आणि मोठ्या शिंगांना बक्षीस द्यायचं. एरवी नोव्हेंबरात तिथे बर्फ असतं, मांस थंड राहतं. त्या वर्षी ऊन होतं. नर तीन दिवस उन्हात लोंबकळला. ऊर्होला तिसरं बक्षीस मिळालं, केशरी टोपी. तशा सात त्याच्या घरी होत्या.

गुरुवारी त्याने नर सोलला. मागच्या पायांवरच्या काळ्या, घाण वासाच्या गाठी आधी कापून टाकल्या आणि त्याच सुरीने मांडी सोडवली. चाळीस वर्षं तो मारायचा आणि आउने कापायची. मध्ये सुरी बदलायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

"ए म्हाताऱ्या," आतून आवाज आला, "घरात बोकड शिरलाय का?"

"मादीच आहे."

"मग तिला दाढी असणार. चरबी काढ सगळी. हरणाची चरबी जिभेवर मेणबत्तीसारखी बसते. वरचा पांढरा पापुद्राही सोल. मिठाच्या पाण्यात धू."

"धुतलं."

"पुन्हा धू. मग ताकात बुडव, उद्यापर्यंत."

त्याने दोनदा ताक बदललं. दोन्ही वेळा ताकालाच हरणाचा वास लागला, हरणाला ताकाचा लागला नाही. शुक्रवारी त्याने कांदा घातला, डुकराची चरबी घातली, मिरी घातली, आणि चार तास मंद आचेवर ठेवून देवाला हाक मारली.

ग्वेन वही घेऊन समोर बसली. आउनेने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. आठ खाल्ले.

"कसं झालंय?" ऊर्होने विचारलं.

"छान. माझ्या हातच्यासारखंच."

ग्वेनने वहीत लिहिलं, 'रुग्ण आहार घेते,' आणि ती निघून गेली. इस्पितळ टळलं. ऊर्होने आनंदाने पातेल्यात चमचा घातला. ओला कुत्रा जुन्या मोज्यात गुंडाळून उकळावा, तशी चव होती.

त्याने घास गिळला नाही, थुंकलाही नाही. तसाच आत गेला.

"खोटं का बोललीस?"

"तू चाळीस वर्षं माझ्या कॉफीला छान म्हणतोस." तिने डोळे मिटले. "थुंक ते. आणि खिडकी उघड."

अकरा दिवस तिने तेच खाल्लं, ग्वेनसमोर, रोज आठ तुकडे. बाराव्या दिवशी ती उठली नाही.

दफन आटोपल्यावर ऊर्होने टेबलाशी बसून पत्र लिहिलं :

"मा. संचालक, वन्यजीव खाते, यांस. विषय : नरांचा माज. महोदय, शिकारीचा हंगाम व नरांचा माज एकाच महिन्यात येत असल्याने मांसास उग्र वास येतो व आजारी माणसांना ते खोटे बोलून खावे लागते. तरी नरांचा माज एप्रिल महिन्यात हलविण्यात यावा, व सदर बदल गेल्या सोमवारच्या आदल्या सोमवारच्याही आदल्या सोमवारपासून लागू धरण्यात यावा, ही नम्र विनंती."